उत्तर आणि रीत

आमच्या घराच्या सोप्यात सांच्याला पाच-सात पोरं अभ्यासाला बसतात. मी शिकवतो म्हणून येतात, असं कुणी समजू नये. घरात इन्व्हर्टर आहे, वीज गेली तरी दिवा राहतो, हे त्याचं खरं कारण. मी १९७६ साली दहावी झालो आणि त्याच वर्षी बैलांमागं रानात गेलो. पण तासगाव भागात द्राक्षबाग करायची म्हणजे पाणी, वीज, खत, औषध यांच्याशी रोजचा व्यवहार. त्यामुळं पोरांच्या पुस्तकातलं पदार्थविज्ञान आणि रसायन मला परकं वाटत नाही. दहावीपर्यंतची गणितं मी पोरांबरोबर सोडवतो. बारावीचं मला येत नाही. तिथं मी नुसतं विचारत बसतो, आणि विचारता विचारता कधी कधी त्यांचं त्यांनाच सुटतं.

ह्या बसण्यातून एक प्रश्न माझ्या मागं लागला आहे. पोरगं वही पुढं करतं आणि म्हणतं, "तात्या, ह्याचं उत्तर किती येतंय?" मला उत्तर माहीत असतं. आता ते सांगावं का नाही? सांगितलं तर त्याचं काम होतं, ते खूश होतं, मलाही मोठेपणा मिळतो. नाही सांगितलं तर ते चिडतं, अर्धा तास डोकं खाजवतं आणि माझ्याकडं असं बघतं, जसं काय मी घरात ज्वारी असून भाकरी नाही म्हटलं. मागणाऱ्याला देणं हा आपल्याकडं धर्म मानतात. मग उत्तर मागणाऱ्याला उत्तर न देणं हा अधर्म झाला का? प्रश्न वहीतला दिसतो, पण त्याची मुळं पार रानात गेली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्हाला दहावीला विज्ञान शिकवायला एक सर होते. ते फळ्यावर आधी पाच शब्द लिहायचे. दिलेलं, काढायचं, सूत्र, उकल, एकक. गणित कितीही सोपं असो, ह्या पाच पायऱ्या टाळायच्या नाहीत. आम्ही पोरं कंटाळायचो. उत्तर तोंडी येत असताना 'दिलेलं काय' हे कशाला लिहायचं? सर म्हणायचे, "लेकानू, उत्तर चुकलं तर परत कुठनं जायचं, त्याची ही वाट हाय." तेव्हा ते कानावरून गेलं. पुढं संसार आणि शेती करताना त्या पाच शब्दांइतकं उपयोगी दुसरं काही शाळेतून बाहेर आलं नाही.

पोरं अडतात ती बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. सूत्र पाठ असतं, आकडेमोड येते, पण प्रश्नात दिलंय काय हे वाचलेलं नसतं. मी एवढंच म्हणतो, "मोठ्यानं वाच. आता सांग, तुला काय काय दिलंय?" ते सांगतं. "काय मागितलंय?" ते सांगतं. मग मधेच थांबतं, "थांबा तात्या, कळलं." मी काहीच सांगितलेलं नसतं. प्रश्न नीट वाचणं हे अर्धं उत्तर असतं. माणसांच्या भांडणातसुद्धा हेच बघतो. बांधाच्या तंट्यात दोघं तासभर ओरडतात, आणि नेमकं मागणं काय आहे हे एकालाही सांगता येत नाही.

आता रसायनाचं एक साधं गणित घेऊ. युरियात नायट्रोजन शेकडा किती? युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. वस्तुमानं मांडली तर कार्बनचे १२, ऑक्सिजनचे १६, नायट्रोजनचे १४ दुणे २८ आणि हायड्रोजनचे ४. बेरीज ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे शेकडा ४६.६७. हे गणित माझ्या नातीनं सोडवलं तेव्हा मी तिला पडवीत नेलं आणि युरियाची गोणी दाखवली. गोणीवर ४६ छापलेलं. ती म्हणाली, "तात्या, पाऊण टक्का कुठं गेला?" मला तो प्रश्न फार आवडला. शुद्ध युरिया वहीत असतो. गोणीत थोडी ओल असते, कारखान्यात तयार होताना राहिलेलं दुसरं थोडं द्रव्य असतं. म्हणून कमीत कमी एवढं नक्की आहे, असा आकडा गोणीवर छापतात. पुस्तकातलं उत्तर बरोबर आणि गोणीवरचंही बरोबर. दोन्ही बरोबर कशी, हे ज्याला कळलं त्याला युरिया कळला.

हेच गणित रानात कसं उलटतं ते सांगतो. आमच्या भावकीतल्या एका तरण्या पोरानं दोन एकर गहू केला होता. त्यानं कुठल्याशा खताच्या दुकानातून एक चिठ्ठी आणली. चिठ्ठीवर पेनानं लिहिलेलं, 'युरिया २१७'. बस. पुढं किलो नाही, मागं एकर-हेक्टर नाही. आता हा आकडा कुठून आला ते बघा. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं असेल तर, १०० भागिले ०.४६ केलं की २१७ किलो युरिया येतो. म्हणजे आकडा खरा होता. पण तो हेक्टरचा होता. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. एकराला साधारण ८८ किलो बसतो, म्हणजे आजच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांना दोन किलो कमी. त्या पोरानं एकरी पाच गोण्यांच्या आसपास टाकला.

गहू काळाभोर आला. लोक बांधावर थांबून बघायचे. पोरगं मिशीत हसायचं. आणि ओंब्या भरायच्या दिवसांत एका रात्रीच्या वाऱ्यात सगळा गहू आडवा झाला. नत्र जास्त झालं की ताट उंच आणि लुसलुशीत होतं, ते ओंबीचं ओझं पेलत नाही. दुकानात विचारायला गेलं तर उत्तर मिळालं, "आम्ही बरोबर लिहिलं होतं." आणि खरंच, आकडा बरोबरच होता. शाळेत एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण जातो. पोरं म्हणतात, सर उगाच कापतात. एकक नसलेला आकडा म्हणजे मालक नसलेलं जनावर. ते कुणाच्याही रानात शिरतं आणि नुकसान झाल्यावर दावं धरायला कुणी येत नाही.

त्या पोराला दुकानदारानं उत्तर दिलं होतं. त्यानं मागितलंही उत्तरच होतं. रीत कुणी दिली नाही आणि कुणी मागितली नाही. आज आमच्या भागात बहुतेक शेती अशी चिठ्ठीवर चालते. कुठलं औषध, किती, कधी, हे काउंटरवर विचारायचं आणि फवारायचं. पाण्याच्या लिटरला किती मिली आणि पाठीवरच्या पंपाला किती मिली, हा फरकसुद्धा कित्येकांच्या मनात पक्का नसतो. माणूस कष्टाळू आहे, हुशार आहे, पण दुसऱ्याच्या उत्तरावर जगतो. आणि उत्तर देणारा त्याच्या रानात कधीच नसतो. हा शब्द लक्षात ठेवा. पुढं मला त्याची गरज लागणार आहे.

दुसरं गणित पदार्थविज्ञानाचं. पुतण्याचा मुलगा अकरावीला आहे. त्याच्या वहीत प्रश्न होता. पाच अश्वशक्तीची मोटर ३० मीटर उंचीवर सेकंदाला किती लिटर पाणी चढवेल? घर्षण नगण्य माना. त्यानं मांडलं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पाचाचे ३७३० वॅट. एक लिटर म्हणजे एक किलो पाणी ३० मीटर चढवायला १ गुणिले ९.८ गुणिले ३०, म्हणजे २९४ ज्यूल लागतात. ३७३० भागिले २९४ केलं की सेकंदाला साधारण १२.७ लिटर. मागच्या पानावर उत्तर जुळलं. वही मिटून तो उठायला लागला.

मी म्हटलं, "आपली पाणबुडी मोटर पाच अश्वशक्तीचीच हाय. पाण्यापासनं टाकीच्या तोंडापर्यंत उंची दोरीनं मोजलेली हाय, तीस मीटर. चल, बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. दोनशे लिटरचं पिंप टाकीच्या तोंडाशी धरलं आणि पोरगं मोबाईलवर सेकंद मोजत उभं राहिलं. त्याच्या हिशोबानं पिंप सोळा सेकंदांत भरायला हवं होतं. भरायला बत्तीस लागले. परत मोजलं. परत बत्तीस. सेकंदाला सव्वासहा लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मं.

पोरगं म्हणालं, "तात्या, पुस्तक खोटं बोलतंय."

मी म्हटलं, "खोटं न्हाई बाबा. पुस्तकानं आधीच सांगितलंय, घर्षण धरू नका म्हणून. तू वाचलंस, पण ऐकलं न्हाईस."

मग आम्ही विहिरीच्या कडेला बसून घर्षण शोधलं. निम्मी ताकद गेली कुठं? थोडी पंपाच्या पंख्यात जाते, ती कितीही चांगला पंप आणला तरी जायचीच. थोडी वळणांवर जाते, आमच्या पाइपाला तीन बेंड. आणि बरीचशी पाइपात जाते, कारण पाइप दोन इंची. पाणी तेवढंच आणि वाट अरुंद, म्हणजे ते जोरात धावणार आणि पाइपाच्या अंगाला घासणार. मोटर विकणाऱ्यानं ताकद सांगितली होती, वाट सांगितली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात पाइप अडीच इंची केला. तेच पिंप अठ्ठावीस सेकंदांत भरायला लागलं. पोरानं ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. मास्तरांनी सांगितलेलं नसताना.

'घर्षण नगण्य माना' ह्या तीन शब्दांवर मी नंतर बरेच दिवस विचार केला. ऐकायला ते पळवाट वाटतात. पण नीट बघितलं तर त्यात मोठा प्रामाणिकपणा आहे. पुस्तक म्हणतं, मी एवढं सोडलंय, आणि सोडलंय हे तुला सांगतोय. सगळं एकदम धरलं तर पोराला काहीच सुटणार नाही, म्हणून आधी सोपं करतो, मग एकेक अडचण परत आत घेतो. व्यवहारात माणसं असं सांगून सोडत नाहीत. एकरी उत्पन्नाची जाहिरात करणारा मजुरी नगण्य मानतो आणि ते कुठंच लिहीत नाही. लग्नाचा खर्च काढणारा व्याज नगण्य मानतो. घरच्या बायकांचं राबणं तर आम्ही पिढ्यान्पिढ्या नगण्य मानत आलो, आणि शेतीचा ताळेबंद नफ्यात दाखवत आलो. प्रत्येक हिशोबात काहीतरी सोडावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण काय सोडलं हे सांगणं हे नीतीचं काम आहे. पोरानं गणितातून एवढं जरी उचललं, तरी मला पुरे आहे.

तिसरी गोष्ट बोर्डो मिश्रणाची. द्राक्षावर केवडा पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचं हे निळं मिश्रण मारतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. वडील मिश्रण झालं की घासून लख्ख केलेल्या विळ्याचं टोक त्यात बुडवून धरायचे. विळ्यावर तांबूस थर आला तर म्हणायचे, "चुना कमी पडला, अजून वता." थर आला नाही की फवारणी सुरू. असं का, हे विचारलं तर, "तसंच असतंय." वडील चौथी शिकलेले. पण तांबूस विळ्यावर त्यांनी कधी बाग फवारली नाही, आणि त्यांची पानं कधी जळली नाहीत.

नात दहावीत असताना तिच्या वहीत समीकरण होतं. लोखंड आणि कॉपर सल्फेट एकत्र आलं की लोखंड तांब्याला हुसकावून त्याची जागा घेतं, आणि सुटं झालेलं तांबं लोखंडावर बसतं. तिनं समीकरण संतुलित केलं होतं, अभिक्रियेचा प्रकारही लिहिला होता, विस्थापन. गुण मिळाले होते. पण तांबं कधी बघितलं नव्हतं. फवारणीच्या दिवशी मी तिला पिंपाशी बोलावलं आणि विळा तिच्या हातात दिला. मुद्दाम थोड्या पाण्यात मोरचूद जास्त ठेवलं होतं. विळ्याचं टोक तांबूस होऊन बाहेर आलं, तशी ती ओरडली, "तात्या, हे तर आमच्या पुस्तकातलं!"

तिच्या आणि तिच्या पणजोबांच्या मधे साठ-सत्तर वर्षं होती. पणजोबांकडं खूण होती, कारण नव्हतं. तिच्याकडं कारण होतं, खूण नव्हती. दोन्ही अर्धीच होती. कुणी म्हणेल, वडिलांचं तर कारणाशिवाय चाललं की! चाललं, खरं आहे. पण कारण माहीत असलं की एका उत्तरातून दुसरं उत्तर आपोआप निघतं. हे मिश्रण लोखंडी पिंपात कालवायचं नाही, असं आम्हाला वेगळं पाठ करावं लागलं. नातीला ते सांगावं लागलं नाही. विळ्याचं टोक बघितलं आणि तीच म्हणाली, "मग लोखंडी पिंपात केलं तर सगळं पिंपच तांबं खाईल की!" खूण एका ठिकाणी चालते. कारण तुमच्याबरोबर चालत येतं.

हे मिश्रणसुद्धा कुणाच्या तयार उत्तरातून आलेलं नाही. फ्रान्समध्ये बोर्डो भागात द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना लावायचे. कशासाठी? येणारे-जाणारे घड तोडतात, ते निळं बघून विष समजून तोडू नयेत म्हणून. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी बघितलं की केवड्यानं आतले वेल गेलेत आणि रस्त्याकडेचे हिरवे आहेत. त्या रस्त्यानं हजारो माणसं जात होती. त्यांनी थांबून का असं विचारलं, मग प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. चोरासाठी लावलेला लेप रोगावर चालला. उत्तर रस्त्याकडेला उघड्यावर पडलेलं होतं, ज्याला प्रश्न पडला त्याला ते मिळालं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, तात्यांचं ठरलंच आहे, उत्तर देऊ नये. तसं नाही. दुसरी बाजूही माझ्या सोप्यातच बसलेली असते.

पहिली बाजू मोबाईलची. आता प्रश्नाचा फोटो काढला की मोबाईल नुसतं उत्तर देत नाही, सगळ्या पायऱ्याही दाखवतो. पुतण्याचा मुलगा म्हणतो, "तात्या, तुम्हाला रीत पाहिजे ना? ही बघा रीत." त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. ज्याच्या गावात शिकवणीचा क्लास नाही, ज्याच्या घरी विचारायला कुणी नाही, त्याला ह्या यंत्राचा आधारच आहे. पण मी त्याला एक खेळ करायला लावतो. पायऱ्या बघ, मोबाईल पालथा घाल आणि कोऱ्या कागदावर परत मांड. दहापैकी सात वेळा तो तिसऱ्या पायरीवर अडतो. आमच्या जुन्या विहिरीला पायऱ्या आहेत. काठावर उभं राहून त्या मोजता येतात. पण घागर भरायला उतरावं लागतं, आणि भरलेली घागर घेऊन वर यावं लागतं.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे. आमच्या आळीतली एक मुलगी दहावीला होती. आई द्राक्षाच्या बागांत थिनिंगला, डिपिंगला रोजानं जाते, सुट्टीला मुलगीही जाते. एका रात्री साडेनऊला ती वही घेऊन आली. डोळे झोपेनं जड, हातांना औषधाचा वास. दुसऱ्या दिवशी चाचणी. उष्णतेचं गणित होतं, वीस अंशाचं पाच किलो पाणी उकळीला आणायला किती उष्णता लागेल. ती म्हणाली, "तात्या, आज विचारू नका. नुसतं सांगा." मी तिला ते लिहून दिलं. पाच गुणिले एक गुणिले ऐंशी, चारशे किलोकॅलरी. ती गेली आणि झोपली असेल. तिला झोप मिळाली, ह्याचं मला समाधान आहे.

ज्याच्याकडं दिवा आहे, वेळ आहे, पोटभर जेवण आहे, त्यानं दिवसभर राबून आलेल्याला 'स्वतः शोध, त्यातच खरा आनंद' असं म्हणणं, हा भरल्या पोटाचा उपदेश आहे. उत्तर रोखून धरण्यातही एक माज असतो. जुन्या काळी ज्यांच्याकडं विद्या होती त्यांनी ती अशीच रोखून धरली, आणि वर अधिकाराची भाषा केली. महात्मा फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती ह्या रोखण्याविरुद्धच. मला त्या रोखणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही.

चाचणीनंतर ती भेटली. मी विचारलं, "आलं होतं का ते गणित?"

"आलं होतं. आकडे बदलले होते. आणि पाण्याऐवजी बर्फापासनं होतं."

"सुटलं?"

"निम्मं. पाण्याचं बरोबर आलं. बर्फ वितळायची उष्णता राहिली."

मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "रविवारी येऊ का? बर्फाचं समजून घ्यायचंय." ती आली. बर्फ वितळत असताना उष्णता दिली तरी तापमान का वाढत नाही, त्या उष्णतेला अप्रकट का म्हणतात, ह्यावर आम्ही दोन तास घालवले. त्या दिवशी तिच्याकडं वेळ होता आणि मागणंही वेगळं होतं. साडेनऊच्या रात्री ती उत्तर मागत होती, रविवारी रीत मागत होती. दोन्ही वेळा तिचं मागणं रास्तच होतं.

मग उत्तर कधी द्यायचं आणि कधी नाही, ह्याला काही माप आहे का? मला जे दिसतं ते असं. आमच्याकडं वाट्यानं शेती करायची रीत आहे. वाटेकरी पिकाचा वाटा घेतो, तसा बुडीचाही घेतो. उत्तर देणाऱ्याला हेच विचारायचं, उत्तर चुकलं तर तू वाटेकरी आहेस का? माणसाला साप चावला तर डॉक्टर त्याला प्रतिविषाचं गणित शिकवत बसत नाही आणि बसूही नये. उत्तर द्यावं, लगेच द्यावं. पण तो डॉक्टर रात्रभर खाटेजवळ असतो, नाडी बघतो, चुकलं तर जबाबदार असतो. त्याच्या उत्तरावर टेकायला हरकत नाही. चिठ्ठीवर २१७ लिहिणारा वाटेकरी नव्हता. ओंब्या आडव्या झाल्या तेव्हा तो काउंटरमागंच होता. अशाकडून घ्यायची असेल तर रीत घ्यावी. किलो कशाचा, रान किती, आकडा कुठून आला, हे विचारून घ्यावं. तो सांगणार नसेल तर आपणच मांडावं. साठात अठ्ठावीस, एवढंच तर आहे.

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. सूत्र लिहिलं, किंमती घातल्या, तर उत्तर चुकलं तरी काहीतरी पदरात पडतं. रानात तसं नाही. बाजार पायऱ्या बघत नाही, घड बघतो. मग पायऱ्या कशाला, असं तरणी पोरं विचारतात. त्यांना मी सरांचं तेच सांगतो. पीक गेलं की ज्याच्याकडं नुसतं उत्तर होतं त्याला नशिबाला दोष देण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. ज्यानं पायऱ्या मांडल्या होत्या तो उलटा चालत जातो आणि बोट ठेवून म्हणतो, इथं चुकलं. दुसऱ्या साली तो तिथं चुकत नाही. पायऱ्यांचे गुण शेतीतही मिळतात, फक्त एक साल उशिरा मिळतात.

माझं स्वतःचं म्हणाल, तर मी ह्या पोरांचा वाटेकरी होऊ शकत नाही, कितीही जीव लावला तरी. परीक्षेच्या वर्गात मी त्यांच्याशेजारी बसणार नाही. नात उद्या दवाखान्यात, कारखान्यात, बँकेत नाहीतर ह्याच बागेत काम करेल, आणि तिच्यापुढं कुणीतरी आकडा टाकून सही मागेल, तेव्हा मी जगात असेन असंही नाही. जो त्या दिवशी जवळ नसणार, त्यानं आज तिला उत्तरं देऊन ठेवणं म्हणजे फुटक्या पाटानं पाणी सोडण्यासारखं आहे. सुटतं भरपूर, पोचत काही नाही. म्हणून मी विचारत बसतो. दिलंय काय, काढायचंय काय, सोडलंय काय, आणि एकक कुठलं? हे चार प्रश्न तिच्या जिभेवर बसले, की तिला माझी गरज उरणार नाही. तसंच व्हावं.